आयर्विनला किती?

परवा सकाळी साउथम्प्टन. पस्तीस दिवसांच्या सफरीतला उद्याचा एकच दिवस आता उरला. आणि आज नाश्त्याची प्लेट पुढ्यात येईपर्यंत माझं डोकं फिरलेलं होतं. जहाजवाल्यांचा त्यात काही दोष नाही. मी फोन उघडला, तिथे चुकलं.

शाळेच्या ग्रुपवर अलमट्टी चालू होती. फेब्रुवारीत! कृष्णेवरच्या माईघाटाच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या असतानाही पुरावरून भांडावं ते सांगलीकरानंच. कर्नाटकाला अलमट्टी धरणातली पाण्याची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे. म्हणजे जवळपास पंधरा फूट जास्त. तसं झालं की पाण्याचा फुगवटा मागे सरकत येणार आणि सांगली-कोल्हापूर बुडणार, ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला ग्रुपवर मी एकटाच. मी लिहिलं, २०१९ च्या महापुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोषी धरलेलं नाही. पूररेषेच्या आत आपणच बांधलेल्या अपार्टमेंट आणि आपणच बुजवलेले ओढे, त्याचं काय? इथवर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी इंग्लंडात राहतो ना, पुढे लिहिलं, "आमच्याकडे सेव्हर्न नदी वेल्समध्ये उगम पावते, वरच्या अंगाला क्लिवेडॉगचं धरण आहे. आमचं वूस्टर दर एक-दोन हिवाळ्यांआड पाण्यात जातं. कुणी वेल्सच्या नावानं बोटं मोडत नाही."

आमचा एक वर्गमित्र हळदीचा अडत्या आहे. २०१९ ला त्याच्या गोदामातली पोती भिजून फुटली होती. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "तुमचं धरण गावाच्या वर आहे, आमचं खाली. भूगोलाला एकाच बाकावर होतो ना रे आपण? आणि बोटीत बसून पुरावर बोलू नये माणसानं."

त्यावर पटापटा अंगठे पडले. भूगोलाचा मुद्दा बरोबर होता, हे जास्त झोंबलं.

डेकवर फेऱ्या मारायला गेलो. अझोर्स सोडल्यापासून समुद्र करडा झालाय. लिफ्टपाशी उलटीच्या कागदी पिशव्या खोचून ठेवल्यात. मधल्या पोहण्याच्या तलावातलं पाणी जहाजाबरोबर या काठावरून त्या काठावर आपटतंय, म्हणून त्यावर जाळं ओढलंय. जिगसॉच्या टेबलावर महिनाभर जमवलेल्या चित्रातल्या आकाशाचे चार तुकडे काही सापडले नाहीत, तरी दोन म्हाताऱ्या अजून टेबलाखाली वाकून बघतायत. सगळ्यांचे कपडे घट्ट झालेत. लांबच्या सफरीचा शेवट हा असा असतो, लग्नघरातल्या चौथ्या दिवसासारखा.

डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या. प्रत्येकीवर ठसठशीत लिहिलंय, १५० माणसं. जहाज सुटण्याआधी प्रत्येकाला आपली जमायची जागा दाखवतात, जॅकेट कसं घालायचं ते दाखवतात, कार्ड स्कॅन करून नोंद घेतात. एक जण जरी राहिला तरी त्याच्या नावाचा पुकारा होतो. आणि आपल्याकडे? ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळला, पुरातून निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली. त्या बोटीत किती जणांनी बसायचं हे सांगायला तिथे कोण उभं होतं? ५१९ की ५२४ यावर तासतासभर लिहिणारे माझे मित्र गावोगावच्या बोटींबद्दल, जॅकेटांबद्दल एक ओळ लिहीत नाहीत. हा मुद्दा बिनतोड आहे, असं तिसऱ्या फेरीला वाटलं. चौथ्या फेरीला वाटलं, ज्यांच्या दारात पाणी आलं होतं त्यांनी पुढची बोट भरताना मोजदाद केली नाही, हे मी इथे पाऊण तास कॉफी पिऊन झाल्यावर म्हणतोय.

दुपारी बारा वाजता कॅप्टनची रोजची घोषणा झाली. वारा, वेग, उरलेले सागरी मैल. जहाजाखाली साडेचार हजार मीटर पाणी. बायको म्हणाली, "अहो, फुटात किती?" मी मनातल्या मनात हिशोब करायला लागलो आणि माझा मलाच राग आला, कारण माझ्या मनातली पट्टी सांगलीच्या आयर्विन पुलाची, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका अशीच आहे. त्या पट्टीवर अटलांटिक बसत नाही.

आमची केबिन आवरणारा पोरगा सावंतवाडीकडचा. नऊ महिन्यांचा करार संपत आलाय, दिवस मोजतोय. पहिल्या आठवड्यात त्यानं विचारलं होतं, तुम्ही कुठले? सांगली म्हटल्यावर म्हणाला, "म्हणजे पुरवाले!" हळदवाले नाही, नाट्यपंढरीवाले नाही, गेला बाजार भडंगवाले तरी. आज तो गादीवर बॅगांना लावायच्या रंगीत चिठ्ठ्या ठेवून गेला. आमचा रंग हिरवा.

चहाच्या वेळेला धाकट्या भावाचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. "दादा, तू मघाशी आमच्याकडे लिहिलंस, ते कुणाकडे?"

यात खोच नव्हती. तो बाबा असाच आहे, सरळ विचारतो. पण मला काही लिहिता येईना. वूस्टरला कॅथीड्रलच्या खाली नदीकडे उघडणारा दरवाजा आहे. त्याच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरल्यात, १७७० ची, १९४७ ची. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेतो. तो वर बघून "बाप रे" म्हणाला की मी हटकून सांगतो, "हे काहीच नाही. आमच्याकडे आयर्विन पुलाला ५७ फूट होतं." १९२९ सालचा पूल आहे, असंही सांगतो, जणू मीच बांधलाय.

५७ फूट होतं तेव्हा मी आमच्याकडे नव्हतो, हे पाहुण्यांना सांगत नाही. त्या आठवड्यात मी दर दोन तासांनी भावाला विचारत होतो, आयर्विनला किती? पंचेचाळीस. पन्नास. त्रेपन्न. आई गावभागातल्या घरात वरच्या मजल्यावर, खाली माजघरात पाणी. नळ बंद, चहूकडे नदी आणि प्यायला दोन कळशा. (इथे समुद्राचं खारं पाणी गोडं करून तीन हजार माणसं रोज शॉवर घेतात.) भाऊ विश्रामबागेत राहतो, तिथे कोरडं होतं. तोच बोटीतून जाऊन आईला घेऊन आला. मी सगळ्यांना सांगितलं की कोल्हापूरजवळ हायवे बंद आहे, येऊन तरी पोचणार कसा. हायवे खरोखरच बंद होता. पण त्याच शनिवारी आमचं नॉर्वेचं जहाज सुटणार होतं, आणि आता रद्द केलं तर पैसे परत मिळणार नव्हते, हे मी कुणालाही सांगितलं नाही. बायकोनं एकदाच विचारलं, "जायचं ना नक्की?" आम्ही गेलो. गेइरांगरला धबधब्यांसमोर सगळे फोटो काढत होते, मी रेंज शोधत होतो. फोन लागला तेव्हा आई म्हणाली, "आला असतास तरी तुला निजवलं कुठं असतं रे?"

आई आता नाही. माजघराच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे. गेल्या दिवाळीत भावानं विचारलं, रंग काढतोय, रेघ बुजवू का? मी लगेच लिहिलं, नको, राहू दे. त्यानं ठेवली. ओल मात्र तोच काढतो, दर पावसाळ्यानंतर.

संध्याकाळभर बारमध्ये बसून मी ग्रुपसाठी उत्तर लिहीत होतो. लाइफबोटी, पूररेषा, कोयनेतून पाणी कधी सोडायचं, ऑगस्टच्या मध्यापर्यंत अलमट्टी ५१७ च्या वर भरू नये ही अडत्याची मागणी मला का पटते आणि उंचीचं भांडण का पटत नाही, सगळं. मोठं झालं. मुद्देसूदही. मग पुन्हा वाचलं तेव्हा "आमच्याकडे" सात ठिकाणी होतं, आणि चार ठिकाणी एक गाव होतं, तीन ठिकाणी दुसरं. सगळं पुसलं. इंटरनेटचं पॅकेज संपत आलं होतं. रात्री घड्याळं एक तास पुढे करायची होती.

एवढंच पाठवलं : आयर्विनला किती?

भारतात मध्यरात्र उलटून गेलेली. तरी अडत्या जागा होता.

"फेब्रुवारी आहे, येड्या. झोप."