‘पट्टीचा पोहणारा बुडाला म्हणजे चूक त्याचीच’ : त्या मेसेजला उत्तर

सैन्याच्या पाण्यातल्या सरावात एखादा जवान गेल्याची बातमी आली, की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर तोच असतो : “पाठीवर ऑक्सिजनची टाकी, अंगात कमांडोची ताकद, तरी बुडाला म्हणजे चूक त्याचीच, नाहीतर वेळ भरली होती. पाणी सगळीकडे सारखंच. सरावात माणसं जाणारच, जगातल्या सगळ्या सैन्यांत जातात. सुरक्षेचे नियम वाढवले की सैन्य मऊ होतं. चौकशी मागणं हा सैन्याचा अपमान आहे.” खाली तिरंगा आणि ‘जय हिंद’.

हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेलं हे आमचं बेळगाव शहर. इथल्या प्रत्येक गल्लीत कुणाचा मुलगा, कुणाचा दीर, कुणाचा आजा फौजेत असतो. सैन्यावरच्या मायेपोटीच लोक ही ओळ पुढे ढकलतात. पण ज्या घरातलं पोरगं गेलं त्या घरातल्या फोनवरही ती पोचते, आणि तिथे आईबापांना वाचावं लागतं की चूक त्यांच्या मुलाची होती. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासून बघायलाच हवा.

पहिला मुद्दा ताकदीचा. आमच्याकडची मुलं विहिरीत नाहीतर खणीत पोहायला शिकतात, पाठीला डबा बांधून. दोन उन्हाळ्यांत डबा सुटतो आणि पोरगा काठावरून सूर मारायला लागतो. असा मुलगा भरतीत निवडला गेला की गाव म्हणतं, याला पाण्याची काय भीती! ते खरंही असतं, पण पाण्याच्या वर. खाली श्वास यंत्रावर चालतो. यंत्रातली हवा संपली की दंडातलं बळ फार तर मिनिटभर पुरतं. 2018 च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले होते, ते आठवत असेल. पाणी उपसायच्या कामात किर्लोस्करांचे इंजिनियर गेले होते. किर्लोस्करांचं पहिलं दुकान बेळगावातलं, त्यामुळे आपल्याकडे ती बातमी कौतुकाने वाचली गेली. त्याच मोहिमेत समन कुनान हे थाई नौदलाच्या सील या कमांडो दलाचे माजी जवान 6 जुलैला गेले. ते ट्रायथलॉन करणारे गडी होते, तब्येतीने कुणाहून कमी नव्हते. गुहेत हवेच्या टाक्या ठेवून परत येताना त्यांची स्वतःची हवा संपली. त्यांच्या चितेसमोर उभं राहून ‘चूक त्याचीच’ म्हणायला कुणाची जीभ रेटली असती का?

दुसरा मुद्दा ‘ऑक्सिजनची टाकी’. इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण सगळा गैरसमज इथून सुरू होतो.

साध्या स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन बुडी मारायच्या संचाच्या, टाकीत निव्वळ ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच हवा दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन वापरणारे संच असतात. बुडबुडे वर येऊन शत्रूला दिसू नयेत म्हणून कमांडो ते वापरतात. पण अमेरिकी नौदलाच्या नेहमीच्या नियमात त्यांची खोली सुमारे 20 फुटांपर्यंतच धरलेली आहे. त्याखाली दाबाने ऑक्सिजनच विषासारखा वागू लागतो, माणसाला झटका येतो, तोंडातली नळी सुटते. म्हणजे ‘ऑक्सिजन होता ना’ हे वाक्य धीराचं वाटलं तरी प्रत्यक्षात ते धोक्याचंही असू शकतं.

आता हवेच्या टाकीचा हिशेब. दर 10 मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. 12 लिटरची टाकी 200 बार (बार हे दाबाचं माप, साधारण एका वातावरणाइतकं) दाबाने भरली की तिच्यात 2400 लिटर हवा मावते. त्यातले 50 बार राखीव ठेवायचे, म्हणजे वापरायला उरले 1800 लिटर. शांतपणे श्वास घेणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला साधारण 20 लिटर हवा घेतो, त्या दराने टाकी दीड तास चालते. तोच माणूस 10 मीटरवर गेला की दाब दुप्पट, दर श्वासाला हवाही दुप्पट लागते, म्हणून 45 मिनिटं. 30 मीटरवर चौपट, म्हणून 22. आणि तिथे तो काम करत असेल, गारठला असेल किंवा दोरीत अडकून घाबरला असेल, तर श्वास सहज दुप्पट होतो आणि हाताशी 11 मिनिटं उरतात. सातवीतला मुलगा कागदावर हा गुणाकार-भागाकार करेल. पण तो पाण्यात उतरायच्या आधी कुणीतरी करायचा असतो, जवानाला शिकवायचा असतो, आणि आकडा पुरत नसेल तर ‘आज उतरायचं नाही’ असं म्हणायचं असतं.

हे मी पुस्तकी बोलत नाही. मार्च 2018 मध्ये ब्रिटनमध्ये चेपस्टोजवळ पाण्याने भरलेल्या खाणीत सैन्याचा सराव चालू होता. एका लान्स कॉर्पोरलच्या दोरीवरून इशारे येणं थांबलं, वर काढला तेव्हा तो बेशुद्ध होता, वाचला नाही. टाकीत हवा नव्हती. तिथल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने संरक्षण खात्याला दोन सुधारणा-नोटिसा दिल्या. एकीत म्हटलं होतं की डायव्हरची हवा संपण्याचा धोका नीट तपासलेला नाही. दुसरीत, की हवा किती वेळ पुरेल याचा हिशेब सैन्याच्या सगळ्या डायव्हरना शिकवलेलाच नाही. पुन्हा वाचा ते. जगातल्या जुन्या, नामांकित सैन्यांपैकी एक, आणि वर केलेला साधा हिशेब तिथल्या जवानांना शिकवायचा राहून गेला होता. त्या मुलाच्या नावावर चूक लावून फाइल बंद केली असती, तर त्याच्या मागून उतरणाऱ्यांनाही तो हिशेब कुणी शिकवला नसता.

‘वेळ भरली होती’ या म्हणण्याला उत्तर देण्यात मी शब्द घालवत नाही. वर केलेला हिशेबच त्याचं उत्तर आहे.

‘पाणी सगळीकडे सारखंच’ हे मात्र आपल्या भागापुरतं तरी साफ चुकीचं आहे. दर पावसाळ्यात आपण बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी पेपरात बघतो : 2475 फूट झाली की तलाव भरला. ही उंची समुद्रसपाटीपासूनची. हिडकल धरणाचं पाणीही दोन हजार फुटांच्या वर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा 8-9 टक्क्यांनी कमी असतो. डायव्हर किती वेळ खाली राहू शकतो आणि वर येताना कुठे किती थांबायचं, याची कोष्टकं समुद्रासाठी केलेली असतात. ती इथे तशीच वापरली तर चुकतात. राकसकोपच्या उंचीवरच्या पाण्यात 30 मीटर उतरणाऱ्याने कोष्टकात सुमारे 33 मीटरची ओळ बघायला हवी. अंगात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, आणि वरचा दाब जितका कमी तितके बुडबुडे लवकर होतात. सांध्यात होतात तेव्हा माणूस वेदनेने वाकतो, मणक्यात झाले तर पाय जातात. कारवारला समुद्रात खोल डायव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढून वर येणाऱ्यालाही हाच धोका असतो. (मालवणला स्कूबा करून आंबोलीमार्गे त्याच दिवशी परतणाऱ्या आपल्या पोरांनीही हे लक्षात ठेवावं. तिथली डायव्ह उथळ असते म्हणून सहसा निभावतं.)

‘सगळ्या सैन्यांत माणसं जातात.’ जातात, खरं आहे. पण त्यानंतर तिथे काय होतं ते मेसेजवाले सांगत नाहीत. 2013 मध्ये अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, ॲबरडीनच्या लष्करी चाचणी-क्षेत्रातल्या एका खोल तळ्यात नौदलाचे दोन डायव्हर 26 फेब्रुवारीला मेले. महिनाभर आधी त्याच तळ्यात एक नागरी डायव्हर मेला होता. तळं सुमारे 150 फूट खोल. साध्या स्कूबाची त्यांच्या नौदलातली नेहमीची मर्यादा 130 फूट. पाणी कडाक्याचं थंड, आणि थंडीत श्वासाची झडप गोठून बिघडण्याचा धोका असतो हे डायव्हरांच्या जगात जुनं ज्ञान आहे. दोघंही तरबेज होते. त्या दिवशी त्यांना त्या संचावर, त्या खोलीला उतरवायचं कुणी ठरवलं, हा प्रश्न नौदलाने स्वतः विचारला आणि देखरेख करणाऱ्या वरिष्ठांना कोर्ट मार्शलपुढे उभं केलं. त्यामुळे अमेरिकी नौदलाची इज्जत गेली असं मी तरी कुठे ऐकलं नाही.

आता ‘सैन्य मऊ होतं’. या मुद्द्यावर मेसेज लिहिणाऱ्यांनी इतिहास नेमका उलटा धरला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाचे डायव्हर खोल उतरले की वर येऊन लुळे पडत, मरत. नौदलाने जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाला कामाला लावलं. त्यांनी आधी बकऱ्यांवर दाबाचे प्रयोग केले आणि टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं बसवली. ती 1908 मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर 1906 मध्येच नौदलाचे दोन डायव्हर 210 फुटांपर्यंत जाऊन धडधाकट परत आले होते. म्हणजे सुरक्षेच्या नियमांनी डायव्हरला काठावर बसवलं नाही, आणखी खाली नेलं.

दुसरं उदाहरण 1939 चं. अमेरिकेची स्क्वॉलस ही पाणबुडी 23 मे रोजी सुमारे 240 फुटांवर तळाला बसली. मागचा भाग पाण्याने भरून 26 जण तिथेच गेले, पुढच्या भागात 33 जण जिवंत होते. डायव्हर खाली गेले, पाणबुडीच्या झाकणाला दोर लावला, आणि बचाव-घंटेतून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या बंद खोलीतून, सगळे 33 वर आले. नंतर पाणबुडी वर काढण्याच्या लांबलेल्या कामात डायव्हरांनी हेलियम मिसळलेला वायू वापरला, कारण त्या खोलीवर साध्या हवेने डोकं दारू प्यायल्यासारखं फिरतं. तो वायू, ती घंटा, दोन्ही आधीच्या पाणबुड्यांच्या अपघातांतून शिकून वर्षानुवर्षं तपासलेल्या होत्या. चार डायव्हरांना त्यांच्या देशातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांना मऊ म्हणून दाखवा.

जवानाने घाम गाळावा, थंडी सोसावी, रात्रीच्या अंधारात पूर्ण ओझ्यानिशी पोहावं. त्याला कुणाचाच विरोध नाही. पण काठावर दुसरा डायव्हर पूर्ण तयारीत बसलेला असणं, दोरी धरणाऱ्याकडे दुसरं कुठलंही काम नसणं, हवेचा हिशेब लिहून काढलेला असणं, आणि डायव्हरला ‘आज जमत नाही साहेब’ म्हणता येणं, यातल्या कशाने सराव सोपा होत नाही. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, हे फौजेत राहिलेल्या कुणालाही विचारा. ज्याच्या हातात सुट्टी, बढती, शेरा सगळं आहे त्याच्यापुढे एकवीस वर्षांच्या मुलाने नाही म्हणायचं. म्हणून तो हक्क कागदावर लिहून ठेवावा लागतो आणि तो वापरणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे वरच्यांनी वागून दाखवावं लागतं.

राहिला ‘चौकशी म्हणजे अपमान’. चौकशीची तरतूद बाहेरच्या कुणी सैन्यावर लादलेली नाही. 1954 च्या आर्मी रूल्समध्ये 177 व्या नियमापासून कोर्ट ऑफ इन्क्वायरीची, म्हणजे सैन्याने स्वतःच करायच्या चौकशीची, पद्धत दिलेली आहे. अनैसर्गिक मृत्यूची पोलिसांकडे नोंद होते, आपल्याकडे तिला यूडीआर म्हणतात. पूर्वीचं सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम 174, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 194. म्हणजे चौकशी मागणारा बाप कायद्यात आहे तेच मागतो.

आणि त्या कागदांवर घरच्यांचं पोट अवलंबून असतं. मृत्यू सेवेमुळे झाला असं ठरलं तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, नाहीतर साधं. दोन्ही रकमांत मोठा फरक आहे. चौकशीत ‘जवानाची स्वतःची चूक’ अशी एक सैल ओळ राहिली, तर त्या विधवेला पुढे किती वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील याचा विचार मेसेज पाठवणाऱ्याने केलेला नसतो. आपल्या भागात त्यात आणखी एक अडचण आहे. पोलिसांचा पंचनामा कन्नडमध्ये, सैन्याचे कागद इंग्रजीत, आणि घरात वाचता येते ती मराठी. सही कशावर केली हे कित्येकांना नंतर कळतं.

म्हणून अशा घरी भेटायला जाल तेव्हा कागद वाचू शकणाऱ्या माणसाला बरोबर न्या. गावात माजी सैनिक आहेत, मास्तर आहेत, बेळगावच्या कोर्टात मराठी-कन्नड दोन्ही जाणणारे वकील आहेत. सहीपूर्वी प्रत्येक कागद मोठ्याने मराठीत वाचून दाखवायला सांगा. पोस्टमॉर्टेम आणि पंचनाम्याची प्रत मागा. युनिटला लेखी विचारा : श्वासाचा संच त्याच दिवशी सील केला का? टाकीत किती बार उरले होते? त्या खोलीसाठी हवेचा हिशेब कुणी केला होता आणि तो कागद कुठे आहे? काठावर तयारीत कोण बसलं होतं? किती मिनिटांत तो पाण्यात उतरला? डॉक्टर जागेवर होता का, आणि दाबाच्या आजारावर उपचार करणारा चेंबर किती तासांच्या अंतरावर होता? अर्जावर तारीख घाला, पोच घ्या, आणि पोच घेतलेली प्रत जवानाच्या बायकोच्या किंवा आईच्या हातात द्या.