मांजर कुठे तंबाखू खातं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

माझ्या मांजरीच्या, ठमीच्या, आजारपणावरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. मी मांजर पाळणाऱ्यांना उगाच घाबरवलं, तोंडाला वास आणि लाळ म्हणजे दातांचं दुखणं, मांजर कुठे तंबाखू खातं की त्याला तोंडाचा कॅन्सर व्हावा, आणि उपचार सोडून मी ठमीला 'संपवलं', असं तुम्ही लिहिलंय. शेवटचा शब्द जिव्हारी लागला. त्याकडे नंतर येते.

आधी तुमचं बरोबर आहे ते. 'लाळ दिसली की कॅन्सरच समजा' असं वाक्य माझ्या हातून गेलं होतं. ते चूक होतं, आज काढून टाकलं. लाळ गळणाऱ्या बहुतेक मांजरांना दातांचा किंवा हिरड्यांचाच आजार असतो. तुमच्या दोन्ही मांजरांना झालेल्या स्टोमाटायटिसमध्ये तोंड आतून लालभडक होतं, बहुधा दोन्ही बाजूंना सारखंच, आणि दात काढले की बरीच मांजरं सुधारतात. तुमची सुधारली, याचा खरंच आनंद झाला.

ठमीचं तसं नव्हतं. तिला बारा वर्षं पूर्ण झाली होती. मान एका बाजूला कलती करून खायची. कोरडा दाणा उचलायची, दोनदा चावायची आणि तो तसाच ओला होऊन बशीबाहेर पडायचा. मग बशीकडे बघत बसून राहायची. भूक होती, खाता येत नव्हतं. पुढे अंग चाटणं सुटलं, पाठीवर केसांच्या जटा झाल्या, हनुवटी कायम ओली. एके सकाळी तिच्या उशीच्या अभ्र्यावर गुलाबी डाग दिसला.

दातांवर कीटण होतं, म्हणून अँटिबायोटिक आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं. ठमी खायला लागली. आठवड्याभरात पुन्हा तेच. असं तीनदा, आणि त्यात सात आठवडे गेले. स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूजही उतरते आणि मांजर बरं झाल्यासारखं वाटतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना दोष द्यायला मी हे लिहिलं नव्हतं. जागं असलेलं, दुखणारं मांजर तोंड उघडू देत नाही, आणि गाठ होती जिभेखाली. भूल देऊन जीभ उचलली तेव्हा ती दिसली. कडक, खालच्या जबड्याला चिकटलेली. एक्स-रेमध्ये त्या बाजूचं हाड वाळवीनं पोखरल्यासारखं होतं. बायोप्सीत नाव आलं स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर. मांजरांच्या तोंडातल्या कॅन्सरपैकी निम्म्याहून बरेच जास्त याच जातीचे असतात, आणि बहुतेक वेळा वय झालेल्या मांजरांत.

आता तंबाखूचं. मांजर तंबाखू खात नाही, पण दिवसभर स्वतःचं अंग चाटतं. घरातल्या विडी-सिगरेटचा धूर केसांवर बसतो आणि जिभेवाटे तोंडात जातो, म्हणून तज्ज्ञांना त्याचा संशय आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पिसवा मारायला गळ्यात बांधतात ते पट्टे आणि डबाबंद खाणं यांचा या कॅन्सरशी संबंध जास्त ठळक दिसला होता, धुराचा तितका ठाम नाही. त्यामुळे ठमीला कशामुळे झालं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आमच्या घरात अनेक वर्षं सिगरेट ओढली जायची, एवढं खरं. आता बंद आहे.

आणि 'संपवलं'. गाठ लहान असताना, जबड्याच्या पुढच्या टोकाला सापडली, तर जबड्याचा तो भाग काढून काही मांजरं वर्षभर आणि त्याहून जास्तही जगतात. जिभेखालून हाडात शिरलेली गाठ तशी निघत नाही. किमोचा या कॅन्सरवर फारसा उपयोग होत नाही, रेडिएशननं मिळाला तर थोडा काळ आराम. निदानानंतर वर्ष काढणारं मांजर दहात एकही क्वचितच असतं. हे सगळं विचारून घेतल्यावर आम्ही वेदनाशामक औषधं आणि पातळ केलेलं खाणं, हा मार्ग धरला. (घरातली पॅरासिटामॉल मात्र मांजराला कधीही देऊ नका, एका गोळीनंही जीव जातो.) पाच आठवडे ती खिडकीत उन्हाला बसली. मग पाण्याच्या वाटीवर तोंड नेऊन न पिता मागे सरकायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन ते इंजेक्शन द्यायला लावलं. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत, असं मला वाटतं.

पण ताई, मी हे इतकं लांबलचक लिहितेय ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. 'आमच्या थोरल्या बोक्याच्याही तोंडाला दोन महिने वास येतोय, एकीकडची हिरडी सुजलीय, गोळ्या चालू आहेत, होईल बरा.' एकीकडची, हे वाचून मला झोप लागली नाही. हिरडीचं दुखणंच असेल, असू दे. पण दोन महिन्यांत हटलं नसेल तर आणखी एक गोळ्यांचा कोर्स नको. भूल देऊन तोंड नीट बघा म्हणावं, एक्स-रे काढा, आणि संशयास्पद दिसलं तर त्याच भुलेत बायोप्सीचा तुकडा घ्या.

तोवर तो चिडत नसेल तर घरी एक करून बघा. एका हातानं वरून डोकं धरून थोडं मागे झुकवा, दुसऱ्या हाताच्या बोटानं खालचा जबडा उघडा आणि अंगठ्यानं हनुवटीखाली, दोन हाडांच्या मधल्या मऊ जागी, वर दाबा. जीभ आपोआप उचलली जाते. खाली दोन्ही बाजू सारख्या दिसतात का बघा. चावायला आला तर सोडून द्या, डॉक्टर बघतील.

त्याचं वय किती? सुजलेल्या बाजूचा एखादा दात हलतोय का? कळवा, मी वाट बघतेय.