‘प्रेसवाले बघून घेतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला. रात्री परत वाचली तेव्हा लक्षात आलं की तुमचे दोन मुद्दे चक्क बरोबर आहेत आणि एक माझ्या मते साफ चूक. दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून सटकणं बरं दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. छपाईसाठी पीडीएफ कशी करावी हा माझा लेख म्हणजे ‘ऑफसेटच्या काळातलं पुराण’ आहे. आता डिजिटलवर (म्हणजे प्लेट न काढता फाइलीवरून थेट छापणाऱ्या मशिनवर) आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली फाइल दिली तरी उत्तम छापते. बावीस वर्षं तुम्ही सगळा मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून देता आणि कधी अडलं नाही. काळा तो काळा, त्यात ‘कुठला काळा’ हा प्रश्न येतोच कुठे? आणि शेवटी, ‘काही राहिलंच तर प्रेसवाले कोरलमध्ये (चित्रं आणि पानं करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून बघून घेतात, त्याचेच ते पैसे घेतात. नवख्या प्रकाशकांना उगाच घाबरवू नका.’

आधी माझ्या चुका. ‘सगळं सीएमवायके करूनच पाठवा, पीडीएफ/एक्स-१ए शिवाय दुसरं काही देऊ नका’ असं मी ठोकून दिलं होतं. ते जुन्या सवयीनं लिहिलं. (सीएमवायके म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या छपाईच्या चार शाया, आणि पीडीएफ/एक्स म्हणजे छपाईच्या पीडीएफची प्रमाणं.) एक्स-१ए हे प्रमाण २००१ सालचं. त्यात फक्त सीएमवायके, ग्रे आणि स्पॉट (वेगळ्या तयार शाईचे) रंग चालतात, पारदर्शकता चालत नाही, म्हणजे सावल्या आणि धूसर कडा आधीच सपाट करून द्याव्या लागतात. एक्स-४ हे २००८ चं, २०१० मध्ये सुधारलेलं. त्यात पारदर्शकता तशीच राहते आणि प्रोफाइल (फोटोतले रंग नेमके कुठले ते सांगणारी माहिती) जोडलेले आरजीबी फोटोही चालतात. चांगल्या डिजिटल मशिनला फोटो आरजीबीतच द्यावा, कारण त्या मशिनचे रंग ऑफसेटच्या शाईपेक्षा वेगळे असतात. आपण घरीच सीएमवायके केलं की पोपटी आणि भगवा आधीच मारून टाकलेले असतात, मग मशिन त्यांना जिवंत करू शकत नाही. हा मुद्दा तुमचा. लेखात दुरुस्ती करतो. फक्त प्रेसला आधी एक फोन करून विचारा, कारण जुन्या रिपवर (फाइलीचे छापायचे ठिपके करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) एक्स-४ मधल्या सावलीभोवती पांढरा चौकोन उमटलेला मी स्वतः पाहिला आहे.

आता ‘प्रेसवाले बघून घेतात’. माझा सगळा वाद खरं तर या एकाच वाक्याशी आहे.

बावीस वर्षं म्हणजे तुम्हीही ट्रेसिंगचा काळ पाहिला असणार. पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये पान लावायचं, लेझर प्रिंटरवर बटर पेपरवर काढायचं, मग पेस्टिंगवाला काचेच्या टेबलावर खालून दिवा लावून सोळा पानांचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं, चिकटवायचा. त्या टेबलावर पान डोळ्यांनी दिसत होतं. फॉन्ट उडाला असेल, ओळ खाली सरकली असेल, तर तो हाक मारायचा, ‘ओ साहेब, हे बघा काय झालंय.’ काळा कुठला हा प्रश्न तेव्हा खरंच नव्हता, कारण ट्रेसिंगवर टोनर एकच, काळा. तुमच्या ‘काळा तो काळा’चं मूळ मला तिथे दिसतं आणि त्या काळापुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

सीटीपी, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट काढणं, आल्यावर ते टेबल गेलं. फाइल रिपमध्ये जाते, रिपमधून थेट प्लेटवर. फॉर्म लावणारं सॉफ्टवेअर पानं वाचत नाही, मोजतं. म्हणजे ‘बघून घेणारा’ तो माणूस आता साखळीत नाहीच. दिवाळी अंकाच्या दिवसांत तर एका ऑपरेटरकडे रात्रीत दहा फाइली असतात. तो बघणार काय? फाइल अडली तरच तो बघतो. आणि मग जे करतो, ते मला जास्त भीतिदायक वाटतं.

आमचा एक दिवाळी अंक. नाव सांगत नाही, प्रेसचंही नाही. छापायला जायच्या आदल्या दिवशी एका जाहिरातदाराचा फोन नंबर बदलला. जाहिरात होती अर्ध्या पानाची, वरच्या अर्ध्यात सह्याद्रीतल्या भटकंतीवरचा लेख संपत होता. मी म्हटलं, पान पुन्हा पाठवतो. प्रेसमधला मुलगा म्हणाला, कशाला सर, इथेच करतो. भला मुलगा. त्यानं पीडीएफ कोरलमध्ये उघडली, नंबर बदलला, पान परत सेव्ह केलं. अंक आला, जाहिरात अगदी बरोबर. चार दिवसांनी लेखकाचा फोन. ‘अहो, मी कड्यावरून चाललो होतो, तुम्ही मला समुद्रात ढकललंत!’ मूळ वाक्यात ‘दोन्ही बाजूंना दऱ्या’ होत्या. छापलं होतं ‘दोन्ही बाजूंना दर्या’.

हे कसं झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ही अडचण इंग्रजी छापणाऱ्यांना येत नाही आणि त्यामुळे इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सापडतही नाही. पीडीएफमध्ये आपण टाइप केलेली अक्षरं तशीच नसतात. फॉन्टनं घडवलेले आकार आणि कुठला आकार कागदावर कुठे ठेवायचा याच्या जागा असतात. ‘कि’ लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. आकारांत मात्र वेलांटी आधी येते. म्हणूनच मराठी पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की वेलांट्या एक घर अलीकडे उडालेल्या दिसतात. नुसतं छापायचं असेल तर यानं काही बिघडत नाही, आकार जिथल्या तिथे उमटतात. पण तीच फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून उघडली, की ते आकारांवरून उलटं अक्षरांकडे जायचा प्रयत्न करतं आणि त्याच्याकडच्या फॉन्टनं शब्द पुन्हा घडवतं. ‘दऱ्या’तला तो वाकडा अर्धा र लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत नुक्त्याचा ऱ असतो, दुसरीत र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. ते न दिसणारं चिन्ह वाटेत गळालं की उरतं साधं र आणि य. त्याचा रफार होतो. झाला दर्या!

आणि हे प्रुफात सापडत नाही. एक तर प्रुफं आदल्या आठवड्यात संपलेली असतात. दुसरं म्हणजे ‘दर्या’ हाही शब्द आहे. आचाऱ्यांना मानधन द्यायचं असतं, आचार्यांना मिळतं, आणि कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. चौकोन किंवा अगम्य चिन्हं छापून आली असती तर निदान कुणीतरी ओरडलं असतं.

तेव्हा प्रेसवाल्यानं फाइल उघडू नये, असं माझं म्हणणं आहे. त्याला उघडायची वेळच येऊ नये इतकी ती पूर्ण असावी. काही बदललं तर ते पान आपणच मूळ फाइलीत बदलून पुन्हा पाठवायचं, रात्रीचे अकरा वाजले तरी. त्या मुलाचा दोष नव्हता. ‘बरं, कर’ म्हणणारा मी होतो.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आम्ही कर्व्ह करतो, आकारच करून टाकले की पुन्हा घडायला काही उरतच नाही. हा युक्तिवाद मजबूत आहे. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत लावलेलं पान परक्या मशिनवर जाणार असेल तर मीही कर्व्ह करीन. मुखपृष्ठावरचं शीर्षक, कोरलमध्ये केलेली जाहिरात, इथेही कर्व्हच. लेखात ‘कर्व्ह कधीच नको’ असं लिहिलं ते अती झालं.

पण दोनशे पानांच्या पुस्तकाचा अख्खा मजकूर? फॉन्ट पीडीएफमध्ये नीट बसवला असेल तर त्याची गरज नाही. बसवलाय की नाही हे फुकटच्या ॲक्रोबॅट रीडरमध्येही दिसतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी उघडा, प्रत्येक नावापुढे तो एम्बेड केल्याचं लिहिलेलं असलं पाहिजे. कर्व्ह केलेलं अक्षर मशिनच्या लेखी अक्षर राहत नाही, चित्र होतं. २४०० डीपीआयच्या (इंचाला २४०० ठिपक्यांच्या) प्लेटसेटरवर, म्हणजे प्लेट काढणाऱ्या मशिनवर, तो फरक डोळ्याला कळत नाही, पण ६०० डीपीआयच्या टोनर मशिनवर बारीक टाइप जाड होतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ची पोटं भरतात, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. म्हणजे ज्या डिजिटलची तुम्ही बाजू घेता, तिथेच कर्व्ह जास्त बाधतात. शिवाय पाच वर्षांनी दुसरी आवृत्ती निघते, लेखकाला एक साल बदलायचं असतं, मूळ फाइल डीटीपीवाल्याच्या जुन्या हार्ड डिस्कबरोबर भंगारात गेलेली असते आणि प्रकाशकाकडे उरलेली असतात दोनशे चित्रं.

आता काळा. फोटोशॉपच्या नेहमीच्या अमेरिकी स्वॉप प्रोफाइलमधून आरजीबीचा शुद्ध काळा सीएमवायकेत नेला की तो होतो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९०. बेरीज ३००. चार रंगांच्या छपाईत दहा पॉइंटाचा मजकूर अशा चार प्लेटांवर गेला आणि रजिस्टर (चार प्लेटांची एकमेकींवरची जुळणी) केसभर हललं, की प्रत्येक शिरोरेषेला गुलाबी-निळी किनार येते. पण आपली बहुतेक पुस्तकं आतून एकरंगी असतात, आणि तिथे गंमत वेगळीच होते. प्लेट फक्त ब्लॅकची निघते, तिच्यावर मजकूर ९० टक्के, म्हणजे भरीव नाही, ठिपक्यांचा. भिंगाखाली अक्षरांच्या कडा कुरतडलेल्या दिसतात आणि भिंगाशिवाय पान थोडं थकलेलं दिसतं. लोक म्हणतात, ‘शाई हलकी वापरली हो प्रेसनं.’ शाई बिचारी निर्दोष असते. अनेक रिपमध्ये आरजीबी काळ्याचा थेट शंभर टक्के ब्लॅक करण्याची सोय असते, तुमचा प्रेसवाला ती चालू ठेवत असणार, म्हणून तुम्हाला आजवर जाणवलं नाही.

डिजिटलवर हाच काळा खिशाला लागतो. तिथे हिशेब क्लिकवर, म्हणजे छापलेल्या प्रत्येक पानावर, आणि रंगीत क्लिक काळ्या क्लिकपेक्षा महाग. वर्डमधून निघालेल्या पानावरचा काळा मशिननं चार टोनरचा धरला, तर दिसायला काळं पान मीटरवर रंगीत म्हणून मोजलं जातं. एका कवितासंग्रहाचं बिल पाहून प्रकाशकाला कवितेपेक्षा जास्त वेदना झाल्याचं मी पाहिलं आहे.

ब्लीडबद्दल (कापताना जाणाऱ्या जादा कडेबद्दल) तुमची तक्रार नव्हती, पण जाता जाता: चारी बाजूंना ३ मिलिमीटर, डिजिटललाही. आणि डेमी १/८ म्हणजे ए-५ नव्हे. डेमी साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे साधारण १४० बाय २१६ मिलिमीटर. ए-५ १४८ बाय २१०. एक रुंद, दुसरं उंच. ‘फिट टू पेज’ दाबून एकाचं दुसरं केलं की समास बिघडतात आणि दोष बायंडरला.

नवख्यांना घाबरवण्याबद्दल म्हणाल तर, पानं लावायचं स्क्रायबस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या १.५.३ पासूनच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं नीट घडतात आणि एक्स-४ पीडीएफही निघते. इनडिझाइन असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट घडवणारी सेटिंग) लावलाय ना, एवढं पाहायचं. घाबरण्यासारखं यात काही नाही.

तुमच्याकडे ॲक्रोबॅट प्रो असेलच. यंदाच्या अंकाची कुठलीही फाइल घ्या, आउटपुट प्रिव्ह्यू उघडा, सायन, मॅजेंटा, यलो तिन्ही बंद करा आणि मजकुरावर कर्सर ठेवा. ब्लॅकपुढे आकडा किती येतो तो इथेच खाली लिहा. १०० आला तर पुढचा चहा माझ्याकडून, अप्पा बळवंत चौकात.