बुडबुडे दिसले म्हणजे ऑक्सिजन मिळाला असं नसतं

उन्हाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, यंदाही आला. "फिश टँकला फिल्टर असला तरी वेगळा एअर पंप 24 तास चालू पाहिजेच, बुडबुडे म्हणजेच माशांचा ऑक्सिजन, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की मोठा पंप लावा, जिवंत झाडं असतील तर मात्र पंप नको, आणि फायटर माशाला काहीच लागत नाही." खाली 'सगळ्यांना पाठवा'. लोक काळजीपोटीच पाठवतात, ते मला मान्य आहे, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठेतरी चुकतंय आणि त्यापायी मासे जातात, म्हणून एकेक घेते.

आधी ते बुडबुडे. दोन फुटी टँकमधे पाणी असतं जेमतेम फूटभर खोल, पंपाच्या नळीच्या टोकाला लावलेल्या सच्छिद्र दगडातून निघालेला बुडबुडा एक-दोन सेकंदात वर येऊन फुटतो, तेवढ्या वेळात त्यातली हवा पाण्यात विरघळणार ती किती? थोडी विरघळते, नाही असं नाही, पण खरं काम वेगळंच होतं. बुडबुडे वर जाताना खालचं पाणी सोबत ओढून वर नेतात आणि वरचा थर हलवतात. ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो मुख्यतः या वरच्या पृष्ठभागातून, जिथे पाणी हवेला लागतं तिथून. साचलेल्या पाण्यात तो खालपर्यंत फार म्हणजे फारच हळू पोचतो, म्हणून पाणी फिरत राहिलं पाहिजे. ते कशाने फिरतंय याच्याशी माशाला काही घेणंदेणं नाही.

त्यामुळे 'फिल्टर असला तरी पंप पाहिजेच' हे सरसकट खरं नाही. टॉप फिल्टरचं पाणी वरून पडतंय, किंवा हँग ऑनची, म्हणजे टँकच्या काठावर टांगलेल्या फिल्टरची धार पृष्ठभाग हलवतेय आणि माशांची गर्दी नाहीये, तर वेगळ्या पंपाची गरज नसते. स्पंज फिल्टर तर चालतोच एअर पंपावर, तिथे प्रश्नच येत नाही. गडबड होते ती पाण्यात बुडवलेल्या पॉवर फिल्टरची किंवा कॅनिस्टरची (टँकबाहेर ठेवलेला बंद डब्याचा फिल्टर), कारण त्याचं पाणी सोडणारं तोंड बरेच जण पाण्यात खोल ठेवतात, आवाज येऊ नये म्हणून. आतलं पाणी फिरतं पण वर तेलकट साय धरते, ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकं बघितलं तर इंद्रधनुष्यासारखी दिसते. तोंड दोन बोटं वर घ्या, पाणी सगळीकडे थरथरताना दिसलं पाहिजे, साय तासाभरात फुटते, आणि याला एक रुपया लागत नाही.

आता मासे वर येऊन तोंड उघडतात तेव्हा मोठा पंप लावा, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. आमच्या समोरच्या काकांकडे मागच्या उन्हाळ्यात हेच झालं. गुरुवारी पाणी बंद होतं, शुक्रवारी नळ आल्याबरोबर त्यांनी अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, थेट नळाचं. संध्याकाळी सगळ्या मॉली वर, कल्ले लालभडक, एक आडवी पडलेली. मेसेज लक्षात होता म्हणून काका धावत जाऊन दुसरा पंप घेऊन आले, टँक नुसता उकळल्यासारखा दिसत होता तरी मासे तसेच. मी गेले तर नवीन पाण्याला क्लोरीनचा वास येत होता. नळाच्या पाण्यात क्लोरीन आपल्यासाठी असावंच लागतं, पण तो माशांचे कल्ले भाजतो, आणि भाजलेल्या कल्ल्याने पाण्यातला ऑक्सिजन घेताच येत नाही, पंप कितीही लावा. अँटी क्लोरीन, म्हणजे क्लोरीन घालवणारं औषध टाकलं, चार मॉली वाचल्या, तीन गेल्या. माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया वाढला तरी कल्ल्यांना इजा होते, आणि त्या अमोनियापासून बनणारा नायट्राइट रक्तात शिरून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी करतो. म्हणजे मासे वर आले की पहिला प्रश्न हा, की पाणी कधी बदललं, काय टाकलं, कालचं खाणं खाली कुजतंय का. पंप लावायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका. काकांचा तो दुसरा पंप आता बाल्कनीत बादलीत चालतो, बदलायचं पाणी आदल्या दिवशी त्यात भरून ठेवतात, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

झाडांचं अर्धं खरं आहे. उजेड असताना झाडं ऑक्सिजन सोडतात, दिवा बंद केला की तीच झाडं माशांसारखी ऑक्सिजन घेतात. गच्च लावलेल्या टँकमधे पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, म्हणजे तिथे उलट रात्री पंप चालवावा.

फायटर आणि गुरामी हे मासे वरची हवा घेऊ शकतात, हे बरोबर. पण पाणी घाण झालं की त्यांचेही कल्ले भाजतातच, 'काहीच लागत नाही' म्हणून त्याला काचेच्या भांड्यात कोंबू नका.

मग पंप लागतो कधी? गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे साधारण 9 मिलीग्रॅम तर 30 अंशाला साडेसात, आणि हे समुद्रसपाटीचे आकडे, आपलं पुणे साधारण 560 मीटर उंचीवर म्हणून इथे आणखी थोडं कमी. एप्रिलमधे घरातला टँक सहज तिशी गाठतो, त्यात मासेही गरम पाण्यात जास्त ऑक्सिजन वापरतात. टँकमधे गर्दी असेल, मोठे गोल्डफिश असतील, माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर उपाय म्हणून पाणी गरम केलं असेल किंवा फॉर्मलीनचं औषध चालू असेल, तर पंप लावाच, तिथे मी वाद घालणार नाही.

आणि लाईट गेली की. फिल्टर बंद, पंखा बंद, तेव्हा चार्जिंगवाला छोटा एअर पंप घरात असावा. नसेल तर हातात एखादं भांडं घ्या, टँकमधलं पाणी उचला आणि वीतभर उंचीवरून परत टँकमधे ओता, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं, आणि त्या दिवशी खायला घालू नका. साधा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, कारण लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं खाली येतं आणि खाली पंप असतो, बऱ्याच घरांत एक्स्टेंशन बोर्डसुद्धा.