वाचणारी माणसं रानटी नसतात म्हणे

'वाचन माणसाला सुसंस्कृत करतं' हे वाक्य दर चार दिवसांनी कोणीतरी शेअर करतं आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. मी हल्ली लाइकही करत नाही. खरंच करतं का हो?

१० मे १९३३ ला, नाझी राजवटीत, बर्लिनमध्ये पुस्तकांची होळी झाली, ती विद्यार्थी संघटनेने केली, प्राध्यापक हजर होते, भाषणं झाली, बँडसुद्धा होता. आणि कुठली पुस्तकं 'घातक' याच्या याद्या करणारा माणूस कोण, तर ग्रंथपाल! मला या सगळ्यात तोच जास्त छळतो, कारण न वाचणाऱ्याला अशी यादी करताच येणार नाही, कोणता लेखक काय लिहितो, कुठल्या कपाटात असतो हे ठाऊक असावं लागतं, आवड नसली तरी व्यासंग लागतोच. पुढे १९३७ मध्ये बुखेनवाल्डची छळछावणी उभी राहिली ती जर्मन महाकवी गटेच्या वायमार शहरापासून अगदी जवळच्या टेकडीवर. जंगल तोडलं पण एक ओक तेवढा राखला, कैदी त्याला गटेचा ओक म्हणायचे. त्या छावणीत ५६ हजारांच्या आसपास माणसं गेली. आणि हे सगळं रजिस्टर, शिक्के, रेल्वेचं टाइमटेबल वगैरे वापरून. रानटीपणाला टापटीप फार आवडते.

दुसरीकडे स्टालिन. तरुणपणी जॉर्जियन भाषेत कविता लिहायचा, छापूनही आल्या होत्या. रशियन कवी मान्देलश्तामने त्याच्यावर एक कविता केली, १६ ओळींची, ती सुद्धा फक्त ओळखीच्यांना म्हणून दाखवली, आणि १९३४ मध्ये अटक, १९३८ च्या डिसेंबरात व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मेला, वय ४७. त्यामुळे कोणी 'लेखणी तलवारीपेक्षा श्रेष्ठ' म्हणालं की मला राग येतो. तलवार जिंकली की तिथे सरळ सरळ! मान्देलश्तामच्या बायकोने त्याच्या कविता पाठ करून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, इतकंच.

मग साहित्य कशाला? माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. साहित्य माणूस सुधारण्याचं मशीन नाहीच, आणि तसं ते असावं ही इच्छाच मुळात हुकूमशहाची आहे. लेखक हे मानवी आत्म्याचे इंजिनिअर, असं स्टालिनच म्हणाला होता. आपल्याकडे भाषणांत 'साहित्याने समाजाला दिशा द्यावी' म्हणतात ना, ते त्याचंच गोड रूप वाटतं मला (मारा आता दगड). वाचणारा एकटा असतो, तो नको तिथे हसतो, खलनायकावर जीव टाकतो, मधली पानं गाळतो, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कुठल्याच खात्याला कळत नाही. मला स्वातंत्र्य म्हणजे एवढंच कळतं. त्यातून तो चांगला माणूस होईल याची गॅरंटी शून्य, तो ग्रंथपाल आठवा.

रशियन लेखिका लिदिया चुकोव्स्कायाने लिहून ठेवलंय, तिची मैत्रीण, कवयित्री अख्मातोवा, हिच्या खोलीत स्टालिनच्या काळात भिंतींना कान असायची भीती, म्हणून अख्मातोवा मोठ्याने विचारायची, चहा घेणार का, आणि तेवढ्यात कागदाच्या कपट्यावर भराभरा ओळी खरडून पुढे सरकवायची. लिदिया वाचून पाठ करायची, कागद परत द्यायची. मग अख्मातोवा पुन्हा मोठ्याने, यंदा शरद ऋतू फार लवकर आला नाही, असं म्हणत काडी पेटवायची आणि अ‍ॅशट्रेवर तो कपटा जाळून टाकायची. त्या ओळी, म्हणजे 'रेक्वियम' ही कविता, सोव्हिएत देशात पूर्ण छापून आल्या १९८७ मध्ये, अख्मातोवा जाऊन २१ वर्षं झाल्यावर. तोवर त्या मोजक्या मैत्रिणींच्या डोक्यात होत्या आणि पुढे चोरून फिरणाऱ्या प्रतींत.

तिथेही कागद जळतोय, बर्लिनमध्येही जळतोय. फरक कोणी समजावला तर त्याच्याशी बोलायला आवडेल, पण प्लीज 'वाचाल तर वाचाल' नको.