बल्ब बदलण्याआधी न्यूट्रल बघा

दादा, बल्ब सारखे का उडतात यावरच्या माझ्या पोस्टखाली तुमचं म्हणणं असं की एलईडीच्या जमान्यात व्होल्टेजचं काही सांगू नका, बल्ब उडतो तो फक्त हलक्या मालामुळे, आणि मी उगाच लोकांना घाबरवतोय. अर्धं मान्य. चांगल्या एलईडीतला ड्रायव्हर लाईन २०० व्होल्ट असो की २४०, आतला करंट सारखाच ठेवतो. पण स्वस्तातल्या कित्येक बल्बांत धड ड्रायव्हरच नसतो, नुसता कपॅसिटर टाकून काम भागवलेलं असतं, तिथे व्होल्टेज चढलं की करंट चढतो, बल्ब तापतो आणि जातो. म्हणजे माल हलका हे खरंच, पण त्याला मारतं व्होल्टेजच ना?

जुना पिवळा बल्ब तर त्याहून नाजूक. आईच्या देवघरात अजून तोच आहे. व्होल्टेज सतत ५ टक्के जास्त राहिलं तर १००० तासांचा बल्ब ५०० च्या आसपासच जातो, आणि १० टक्के कमी मिळालं तर टिकतो भरपूर पण उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. मखमलाबादला मामांकडे द्राक्षबागेच्या मोटारी चालू असल्या की बल्ब मिणमिणायचा आणि मोटारी बंद झाल्या की लख्ख, हे लहानपणापासून बघितलंय.

पण मी जीव तोडून सांगत होतो ते न्यूट्रलबद्दल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या सामाईक वायरबद्दल, आणि त्यावर तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. गेल्या हिवाळ्यात सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या वहिनींनी गिझर लावला की त्यांच्याकडचे दिवे डिम आणि आमची ट्यूब उलट झगझगीत व्हायची, आठवड्यात तीन एलईडी गेले, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर गेला, मीही आधी दुकानदारालाच बोललो. वायरमनने मीटररूम उघडली तर न्यूट्रलचा बोल्ट ढिला आणि जळून काळा पडलेला. थ्री-फेज सप्लायमध्ये, म्हणजे वीज तीन वायरींनी (फेजनी) येते आणि घरं त्यांत वाटलेली असतात तिथे, न्यूट्रल असा सुटायला लागला की ज्या फेजवर लोड जास्त त्याचं व्होल्टेज पडतं आणि बाकीच्यांचं चढतं, पूर्ण तुटला तर एखाद्या घरात ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतं, मग बल्बचं सोडा, फ्रीज-टीव्ही सगळंच जाईल, आगसुद्धा लागू शकते.

फ्रीज सुरू होताना क्षणभर डिम होणं वेगळं, त्याने घाबरू नका. पण एकीकडे डिम आणि दुसरीकडे लख्ख असं दिसलं तर मेन स्विच बंद करा आणि लगेच वायरमन बोलवा. आणि तुमचा तसा समज झाला असेल तर, स्टॅबिलायझर घ्या असं मी कुठेच लिहिलेलं नाही.

आणि तुमच्याकडे वर्षात सहा बल्ब गेले म्हणता, ते एकाच होल्डरमधले की वेगवेगळ्या खोल्यांतले? एकाच असतील तर आधी तो होल्डर बदलून बघा, आतला कॉन्टॅक्ट ढिला असेल. वेगवेगळ्या खोल्यांतले असतील तर रात्री अकरानंतर, लोड कमी असताना, मल्टिमीटरने (मोजायच्या यंत्राने) व्होल्टेज बघून आकडा इथे टाका.