फुकट मिळणार

राऊटरच्या खोक्यावर जो स्पीड छापलेला असतो तो या भूतलावर कुणालाच कधी मिळत नाही आणि तरीही तो आकडा खोटा नसतो, ही त्या धंद्यातली खरी कला. घरात नवा राऊटर घ्यायचा होता म्हणून खोक्यावरचं एसी१२०० म्हणजे नक्की काय हे मी बसून वाचलं. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, जास्तीत जास्त ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), ५ गिगाहर्ट्झवर ८६७, बेरीज ११६७, आणि ११६७ जरा बरं दिसत नाही म्हणून १२००. आता असल्या राऊटरवर फोन एका वेळी एकाच बँडला चिकटलेला असतो, त्यामुळे ही बेरीज म्हणजे मी ताशी ५ किलोमीटर चालतो, बायको ताशी ५ चालते, सबब आमचं कुटुंब ताशी १० किलोमीटर चालतं. त्यातले ८६७ सुद्धा कागदावरचेच, कारण एकमेकांसाठी थांबणं, चुकलेलं परत पाठवणं, शेजारच्या राऊटरची बडबड संपायची वाट बघणं यात बराच वेळ जातो आणि हातात अर्ध्याच्या आसपास आलं तरी चांगलं म्हणायचं. मग डाउनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये दिसतो, आठ बिटचा एक बाइट, म्हणजे आणखी आठने भागा. आणि एवढी भागाकाराची उजळणी झाल्यावर लक्षात येतं की आपला प्लॅनच मुळात १०० एमबीपीएसचा आहे.

खोक्यावर जे छापत नाहीत ते जास्त कामाचं असतं. उदाहरणार्थ मागची भोकं. वायफाय १२०० वगैरे म्हणणाऱ्या कित्येक स्वस्त राऊटरना नेटची वायर खोचायचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणजे उद्या प्लॅन वाढवला तरी नळ तेवढाच. दुसरं म्हणजे या मॉडेलला कंपनी अपडेट किती वर्षं देणार, पण हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस असा बघतो की जणू आपण पंख्याला अपडेट कधी येणार विचारलंय. नावांचा घोळ मात्र आता बरा झालाय, पूर्वी ८०२.११एन, एसी, एएक्स अशी बाराखडी पाठ करावी लागायची, २०१८ मध्ये वायफाय अलायन्स या कंपन्यांच्या संघटनेला दया आली आणि त्यांनी सरळ वायफाय ४, ५, ६ असे आकडे दिले. मी ६ घ्यायचं ठरवलं. ७ पण आलंय, पण घरातला एकही फोन त्या लायकीचा नाही.

हे सगळं ठरल्यावर मेहुणा आला. पूर्ण तयारीनिशी आला, म्हणजे मत घेऊन. "भाऊजी, अँटेना मोजा. आठ अँटेनाचा घ्या, भिंतीतून आरपार जातो." मी म्हणलं अरे आपल्या फोनमध्ये वायफायचे अँटेना साधारण दोनच असतात, राऊटरने आठ तोंडांनी बोललं तरी ऐकणारे कान दोन. तर म्हणे दिसायला भारदस्त दिसतो. याला उत्तर नाही. शेवटी चार अँटेनावर तडजोड झाली, आणि आणल्या आणल्या त्याने चारही अँटेना बेडरूमच्या दिशेने रोखले. आता गंमत अशी की असल्या दांडीवाल्या अँटेनाचा सिग्नल दांडीच्या आजूबाजूला चहूकडे पसरतो आणि टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातो, म्हणजे ज्या खोलीवर तुम्ही अँटेना रोखाल तिलाच सगळ्यात कमी मिळणार. मी सगळे उभे केले. तो गेल्यावर.

मग जागा. राऊटर घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवावा असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते बरोबरही आहे, फक्त लिहिणाऱ्याच्या घरात बहुतेक दुसरं कुणी राहत नसावं. आमच्याकडे नेटची वायर एका कोपऱ्यातून आत येते, त्या कोपऱ्यात टीव्हीचं युनिट, आणि बायकोचं म्हणणं ते चार काटे दिसायला नकोत म्हणून युनिटच्या खालच्या कप्प्यात दार लावून ठेव. बंद कप्पा, पुढे टीव्हीचा पत्रा, पलीकडे भलामोठा आरसा. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, तो सिग्नल परतवून लावतो. पाणीही सिग्नल पितं, त्यामुळे फिश टँकच्या मागे ठेवणाऱ्यांनी माशांच्या नेटची सोय केली असं समजावं. हे मी सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आरसा काढायचाय का?" तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. शेवटी पॅसेजमधल्या कपाटावर ठेवला, त्यासाठी लांब लॅन केबल भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकत नेली, आणि ती केबल १०० मीटरपर्यंत आरामात चालते त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. कपाटाच्या दाराला आरसा नाही हे मी आधीच बघून घेतलं होतं.

सेटअप पाच मिनिटांत होतो असं म्हणतात. होतो. फक्त त्या पाच मिनिटांपर्यंत पोचायला वेळ लागतो. फोन राऊटरला जोडला की फोन म्हणतो या वायफायला इंटरनेट नाही. अरे बाबा नाहीच आहे, तेच तर चालू करायचंय. पण फोन हुशार, तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि तुम्ही १९२.१६८.०.१ हा राऊटरच्या सेटिंगचा पत्ता टाकून गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसता. डेटा बंद केला तेव्हा कुठे पान उघडलं, आणि वर ब्राउझरची लाल अक्षरं, हे कनेक्शन सुरक्षित नाही. सुरक्षित करायला आलोय तर दारातच हे. (घाबरायचं नसतं, घरातल्या घरात साधं एचटीटीपी वापरल्यामुळे येतं ते.) युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.

इथे अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खुर्ची ओढून घेतली. "तेच राहू दे, लक्षात राहतं." मी सांगितलं की २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस आला होता, त्याच्याकडे असले कंपनीचे ठेवलेले साठेक युजरनेम-पासवर्ड होते, बास, तेवढ्या जोरावर तो लाखो कॅमेरे आणि राऊटरमध्ये घुसला. "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतोच. अप्पा, ते आपल्याकडचं चोरत नाहीत, आपला राऊटर वापरून दुसऱ्यावर हल्ला करतात, त्या ऑक्टोबरात असल्याच यंत्रांनी साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन नावाच्या कंपनीवर एवढी गर्दी केली की ट्विटर, नेटफ्लिक्स कितीतरी लोकांना उघडेना. अप्पा थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे आपल्या घरातून अमेरिकेची साइट बंद पडू शकते?" यात काळजी किती आणि अभिमान किती हे मला अजून कळलेलं नाही. पासवर्ड बदलला.

मग नेटवर्कचं नाव. इंग्रजी नावं सगळेच ठेवतात, म्हणलं आपण मराठीत ठेवू, आणि कन्येने सुचवलं "फुकट मिळणार नाही". झकास. टाईप करायला घेतलं आणि राऊटर मध्येच थांबला. नावाला मर्यादा ३२ बाइटची असते, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीला तीन, त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांचं वेगळं तिकीट. हिशोब केला तर "फुकट मिळणार" इथपर्यंत ३१ बाइट होतात, त्यापुढे एक स्पेस मावते. "नाही" मावत नाही. म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला आमच्या घरातून "फुकट मिळणार" असं आमंत्रण गेलं असतं. कन्या हसून लोळली आणि तेच ठेवा म्हणून हट्ट धरून बसली. मी २.४ ला तेच ठेवलं, कारण पासवर्ड तर आहेच की, पाहुण्यांना नाव सांगायलाही मजा येते.

मेहुण्याचा फोनवरून सल्ला आला की नाव हाइड करा, कुणाला दिसणारच नाही. नको. शोधणाऱ्याला ते फुकटच्या ॲपमध्ये दिसतं, उलट आपले फोन बाहेर जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात.

पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा चालतो. बायकोला मोबाईल नंबर हवा होता. पण कुणीतरी खाली गाडीत बसून आपला फोन राऊटरला जोडतानाचा संवाद टिपून घेतला, तर पुढचं सगळं घरी बसून, आपल्याला न विचारता करता येतं, आणि दहा आकडी नंबर शोधणं हे गेमिंगच्या ग्राफिक कार्डाला काही तासांचं काम. तेव्हा मी एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच शब्द घेतले, मध्ये आडव्या रेघा टाकल्या, लक्षात ठेवायला सोपं आणि फोडायला अवघड. फोनवर टाईप करायलाही ठीक. पण टीव्ही! टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षरावर चौकोन सरकवत न्यायचा, ए पासून पी पर्यंत बाणाचं बटण दाबत प्रवास करायचा, थोडं जास्त दाबलं की चौकोन उडी मारून पुढच्या ओळीत, आडवी रेघ चिन्हांच्या दुसऱ्या पानावर, तिथून परत आलं की कीबोर्ड आपणहून कॅपिटल झालेला, आणि सगळं संपवून ओके दाबलं की तो शांतपणे म्हणतो पासवर्ड चुकीचा आहे. कुठलं अक्षर चुकलं ते सांगणार नाही, सगळं परत. तिसरा शब्द चालू असताना मागून बायको म्हणाली, "मोबाईल नंबर असता तर झालं असतं."

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय, मी पहिल्यांदा बंद केलं. त्याच्या आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो आणि बाकीची पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळे दहा कोटी नाही तर फक्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ च्या डिसेंबरात एका संशोधकाने जगाला सांगितलं. आणि हे बंद करताच कळलं की आमच्या प्रिंटरला वायफायवर यायचा सोपा रस्ता फक्त तोच माहीत होता. एन्क्रिप्शनही, म्हणजे वायफायचं कुलूपही, तसंच, त्यातलं नवं डब्ल्यूपीए३ लावलं की नवे फोन खूश आणि जुना टॅब्लेट उपोषणाला, म्हणून डब्ल्यूपीए२ आणि ३ असं मिश्र मोड ठेवावं लागलं. डब्ल्यूईपी या जुन्या कुलपाचा पर्याय दिसला तर त्याकडे ढुंकूनही बघू नका, ते २००१ मध्येच फुटलंय. स्मार्ट बल्बची वेगळीच तऱ्हा, त्याला २.४ च लागतं, ५ चं नाव काढलेलं चालत नाही. त्याला, टीव्हीला आणि झगडून जोडलेल्या त्या प्रिंटरला मी गेस्ट नेटवर्कमध्ये टाकलं, म्हणजे उद्या बल्ब बिघडला तरी तो माझ्या लॅपटॉपपर्यंत पोचायला नको.

सगळं झाल्यावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी उघडली आणि झोप उडाली. आम्ही माणसं चार आणि यादीत कितीतरी अनोळखी नावं. काही म्हणजे आमचेच फोन, कारण हल्लीचे फोन नेटवर्कला आपला खरा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा ओळख क्रमांक, न सांगता बनावट सांगतात, आणि नेटवर्क काढून परत जोडलं की कधीकधी नवीनच घेऊन येतात. ईएसपी नावाने सुरू होणारा एक होता तो बल्ब निघाला, आत तसलीच चिप असते. उरलेले कोण? नेटवर यावर खूप उपाय लिहिलेत, पण घरगुती पद्धत सगळ्यात जलद, एकेकाला ब्लॉक करायचं आणि कुठून आरडाओरडा होतो ते ऐकायचं. पहिल्याला ब्लॉक केलं, आतून कन्या. दुसऱ्याला केलं, अप्पांची मॅच अडकली, त्यांनी मला हाक न मारता थेट राऊटर बनवणाऱ्याचा उद्धार केला. तिसऱ्याला केलं तर बायकोची मीटिंग चालू होती, तो मी लगेच परत सुरू केला आणि कपाटाशी काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

राहिला एक. ब्लॉक केला, कान देऊन उभा राहिलो, कुठूनच आवाज नाही. म्हणजे बाहेरचा! शेजारच्या प्रत्येक माणसाचा चेहरा डोळ्यापुढून गेला, विशेषतः लिफ्टमध्ये हल्ली फारच गोड हसणाऱ्यांचा, "फुकट मिळणार" वाचून कुणीतरी शब्दशः घेतलं वाटतं. मॅक ॲड्रेसचा सुरुवातीचा भाग टाकून कंपनी शोधली. प्रिंटर होता तो. जोडलेला असतानाही तो कधी धड प्रिंट करत नव्हता, त्यामुळे ब्लॉक केल्यावर घरात कुणाला काही फरकच पडला नाही, आणि मीही तो तसाच राहू दिलाय.